टक्केवारी वाचवायला विहीणबाई फुटपाथवर

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी म्हटलं की तुम्ही लोड पाठीला लावून ऐसपैस बसता, मला माहितीय. आता एक साठी उलटलेले गृहस्थ येणार. पहिल्या दिवशी साहेबांपुढे पाय कसे लटपटले ते सांगणार, मध्ये एखाद्या बदलीच्या गावाचं हवापाणी, आणि शेवटी 'या नोकरीने मला माणसं दिली' म्हणून चष्मा पुसणार. सॉरी हां. मी सव्वीस वर्षांचा आहे, नोकरी कराराची आहे, आणि तिने मला माणसंबिणसं काही दिली नाहीत. शिव्या दिल्या. त्यासुद्धा गादीवर उभं करून. ते येईलच.

मी संशोधन करतो. विट्याला आमच्या आईला बायका विचारतात, "पोरगं काय करतंय म्हमईत?" आई सांगते, "संशोधन." "कशावर? औषधावर?" "न्हाई, हिशेबावर." मग त्या बायका आईकडे अशा बघतात, की पोरगं हाताबाहेर गेलंय आणि ही झाकतेय.

तर तुम्हालाही सांगतो, झाकत नाही. हिशेब दोन प्रकारचे असतात. एक सरकारला दाखवायचा, तो कसा असतो तुम्हाला माहितीय. दुसरा मालकाने स्वतःसाठी ठेवायचा, म्हणजे धंद्यात नक्की काय चाललंय ते त्याला कळावं. या दुसऱ्याला मॅनेजमेंट अकाउंटिंग म्हणतात. त्यात आमची एक पोटगल्ली आहे: माणूस किती काम करतो ते कसं मोजायचं, आणि मोजल्यावर त्याला कशाची लालूच दाखवायची, म्हणजे तो अजून करेल.

यातलं सगळं तत्त्वज्ञान मला सातवीतच कळलं होतं. आमचे एक मास्तर वहीचं कव्हर आणि समास बघून मार्क द्यायचे. वर्गात एकेकाचे समास असे, की फ्रेम करून लावावेत. आत धडा लिहायला मात्र कुणाला वेळच नसायचा. जे मोजाल तेच मिळेल, बाकीचं विसरा. याच एका गोष्टीवर जगभर जाडजूड पेपर निघतात. फक्त त्यात मास्तर नसतात, समीकरणं असतात.

मला अजून एक येतं. आवाज काढता येतात. शाळेत भिंतीआडून हेडमास्तरांच्या आवाजात "शंकर, घंटा दे" म्हटलं की शंकर शिपाई इमानदारीत घंटा द्यायचा आणि मधल्या सुट्टीतच शाळा सुटायची. या कलेचा संशोधनात काय उपयोग, असं कुणी विचारलं तर सांगायचं, काही नाही. तोटा मात्र भरपूर.

आमच्या मॅडम परळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये प्रोफेसर आहेत. हुशार बाई. डोक्यावर चष्मा ठेवून पर्समध्ये चष्मा शोधतात इतक्या हुशार. त्यांचं स्वतःचं माप म्हणजे वर्षात किती पेपर छापून आले. माझं माप म्हणजे किती मुलाखती झाल्या. त्यामुळे एकाच माणसाची मुलाखत चहाआधी एक आणि चहानंतर एक अशी दोन व्हायची. बक्षिसाच्या आशेने माणूस लबाडी करतो का, हा आमचा विषय. उत्तर घरातच होतं, पण घरातलं उत्तर कोण छापतं?

मॅडमनी मला पाठवलं ते दादरच्या एका साड्यांच्या दुकानात. मालक नानाशेठ. जुनं दुकान, आत पांढऱ्याशुभ्र गाद्या, त्यावर सेल्समन मांडी घालून बसणार, समोर गिऱ्हाईक. ज्यांनी कधी नीट बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, साडी विकणं म्हणजे अर्धं काम उलगडायचं आणि अर्धं काम घड्या घालायचं. बाई म्हणते, "ती वरची दाखवा." वरची काढली की म्हणते, "तिच्या खालची." शेवटी सेल्समनच्या गळ्यापर्यंत साड्या येतात आणि बाई म्हणते, "बघून येते पुढे." मग शेजारच्या गादीवरचा माणूस न बोलता हात पुढे करतो आणि दोघं मिळून घड्या घालतात. नानाशेठच्या दुकानात हे असंच चालायचं. दिवाळीला सगळ्यांना सारखा बोनस, सारखी मिठाई आणि पाठीवर सारखा धपाटा.

सगळ्यात जुने सेल्समन दळवीकाका. मूळचे मालवणकडचे, तोंडाने फटकळ, स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवायचे तेव्हा मात्र मान अशी वेळावायचे, की भल्याभल्या बायका लाजाव्यात. बिलाच्या कॉम्प्युटरवर ॲग्नेलो अंकल. खोताच्या वाडीतून यायचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि साड्यांची नावं दुकानात सगळ्यात शुद्ध तेच घ्यायचे.

आणि सुजाताताई. डिलाईल रोडच्या चाळीतली, दुकानात गादीवर बसलेली पहिली बाई. तिची आई याच दुकानात केर काढायची. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, दया यावी म्हणून नाही. "आई जिथे झाडू मारायची तिथे मी बसते. लिहून घे, प्रोफेसर." मी म्हटलं, मी प्रोफेसर नाही. "मग पेन कशाला नाचवतो?"

तिचं खरं काम वेगळंच होतं. दळवीकाका काय, कुठलाही पुरुष काय, साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवणार. गिऱ्हाईक बाईला नेसवून दाखवायची असली की सगळीकडून हाक, "सुजाता, जरा ये गे." ही उठणार, ड्रेसवरच झपाझप निऱ्या घालून बाईला आरशापुढे उभी करणार, आणि एक पाऊल मागे सरकून नुसतं "हं" म्हणणार. त्या 'हं'वर दुकान चालायचं. नेसलेली साडी सोडून परत द्यायला बाईचा जीव होत नाही.

मग नानाशेठचा मुलगा चिन्मय परदेशातून एमबीए करून आला. सुरुवातीलाच बापाला विचारलं, "नाना, पण यात परफॉर्म कोण करतंय?"

नाना म्हणाले, "सगळेच करतात बाबा. म्हणून तर तू बाहेर शिकलास."

हा टोमणा त्याला कळला नाही. एमबीएत टोमणे ऑप्शनला टाकलेले असतात.

चिन्मयने दोन गोष्टी आणल्या. एक, प्रत्येकाला नंबर. बिल फाडताना ज्याचा नंबर टाकाल, ती विक्री त्याची. ज्याची बिलं जास्त त्याचा फोटो दाराशी, वर बक्षीस. ज्याची सगळ्यात कमी, तो लग्नसराई संपली की माळ्यावर. माळा म्हणजे जिथे गठ्ठे ठेवतात ते. तिथे ना आरसा, ना गिऱ्हाईक, दिवसभर फक्त नॅप्थलीनच्या गोळ्या. दुसरी गोष्ट म्हणजे दारावर एक डोळा बसवला. आत किती माणसं आली ते तो मोजणार, आणि त्यातल्या कितींनी खरेदी केली त्याची टक्केवारी भिंतीवरच्या टीव्हीवर झळकणार. टक्केवारी घसरली की त्या दिवशीचं सगळ्यांचंच बक्षीस गुल.

मॅडम खूश. आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही बघायला मिळणार होतं. मी पेन नाचवत बसलो.

पहिल्या आठवड्यात घड्या बंद झाल्या. दुसऱ्याची साडी आपण का दुमडायची? दळवीकाका एका बाजूला इरकलींच्या ढिगात बसलेत, आणि शेजारचा आकाशाकडे बघतोय. तिथे आकाश नव्हतं, पंखा होता. मग बिलं फुटायला लागली. मोजतात बिलं ना? मग साडीचं वेगळं, ब्लाउजपीसचं वेगळं, फॉल-बिडिंगचं वेगळं. ॲग्नेलो अंकल मला म्हणाले, "अरे, आज एका बाईला एवढी बिलं दिली, ती विचारते, अंकल, साडी यातच गुंडाळून देणार काय?"

चिन्मय टीव्हीकडे बघून म्हणायचा, "व्हॉल्यूम बघा, व्हॉल्यूम!"

यात सुजाताताईची वाट लागली. ती नेसवणार, बाई भुलणार, आणि नंबर पडणार ज्याच्या गादीवर बाई बसली त्याचा. नेसवण्याला नंबरच नव्हता. ती काही गप्प बसणारी नव्हती. "काका, नेसवते. पण एक बिल माझ्या नंबरवर."

"होय गे, टाकतंय मां," दळवीकाका म्हणायचे.

संध्याकाळी ती बिलाच्या टेबलाशी जायची. "अंकल, टाकलं?"

"नाय बाबा."

"काका!"

"अगे, इसारलंय. उद्या नक्की."

उद्या परत बाई आरशापुढे अर्धी नेसलेली असायची आणि सगळे 'सुजाता, सुजाता' करायचे. मी तिला म्हटलं, नाही जायचं. ती म्हणाली, "ती बाई काय करेल मग? एक काठ हातात, एक जमिनीवर. तिचा काय दोष?" आणि गेली. टीव्हीवर तिचं नाव सगळ्यात खाली, त्या खालच्या पट्टीत, जिथे बातम्यांमध्ये बाजारभाव फिरतात.

आता बस्ता. लग्नाची कपडेखरेदी. दोन्ही घरची मंडळी एकत्र येतात, मामा येतो, आत्या येते, शेजारच्या काकू येतात, कारण त्यांना 'काठातलं कळतं'. खरेदी मुलीची असली तरी मान मुलाच्या आईचा, म्हणजे विहीणबाईंचा. पहिली साडी त्यांच्यापुढे उलगडायची. हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पण दारावरचा डोळा पाळण्यात कधी झोपलाच नव्हता.

एका सकाळी गिरगावातल्या मुलीकडचे आणि साताऱ्याचे मुलाकडचे असे सगळे मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर भरून आले. दळवीकाका त्या वेळी दाराशी. हल्ली त्यांचं तेच चाललं होतं, नुसतं बघायला येणाऱ्यांना बाहेरच्या बाहेर काचेतल्या साड्या दाखवून वाटेला लावणं. त्यांनी ती अख्खी वरात बघितली आणि मनातल्या मनात भागाकार केला. एवढी माणसं आत, बस्ता एक. टक्केवारी खड्ड्यात.

"येवा, येवा! नवरी आणि तिची आई, दोघी आत येवा. बाकीच्यांची सोय हयसर केलीय." आणि फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एक फेरीवाला त्याच्या क्लिपांची पाटी उचलून बाजूला झाला. सरबत आलं. नवरी आणि तिची आई गडबडीत आत ढकलल्या गेल्या. बाहेर उरले मामा, आत्या, काकू, आणि मधल्या खुर्चीवर, एका हातात सरबत, साताऱ्याच्या विहीणबाई.

त्यांनी दोन घोट घेतले. मग ग्लास खाली ठेवला.

"काय वो," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण समोरच्या केळीवाल्याने मान वर केली. "आमी काय बँडवाले हाय? नवरीनं आत नटायचं आन आमी रस्त्यावर वाजवत बसायचं?"

"नाय, नाय, आत जरा गर्दी..." दळवीकाका. आत कुत्रं नव्हतं.

"मामा, गाडी वळवा. हितं मानपान न्हाई, तर फुडं काय असंल?"

आतून नवरीच्या आईला हे ऐकू गेलं. तिचा चेहरा असा उतरला, की मी लिहायचं थांबलो. साडी राहिली बाजूला, लग्नच ट्रॅव्हलरमध्ये बसून निघालं होतं.

सुजाताताई दारात आली. एकदा टीव्हीकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी दार उघडून धरलं. "आई, चुकलं आमचं. या आत. सगळे या. मामा, तुम्ही पण. ए बाळा, तू पण ये." क्लिपावाल्यालाही बहुतेक तिने आत घेतलं असतं. डोळा टिकटिक करत होता आणि टीव्हीवरची टक्केवारी लिफ्टसारखी खाली. दळवीकाका पुटपुटले, "मेलंय." विहीणबाईंना तिने मधल्या गादीपुढे बसवलं. शालू काढला, नवरीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ विहीणबाईंना उभं करून नेसवायला घेतला.

"अगं, मला कशाला? पोरीला नेसव की."

"आधी तुम्ही बघा अंगावर कसा बसतो. मग सुनेला द्यायचा का नाही ते ठरवा."

आरशापुढे उभं केलं, एक पाऊल मागे. "हं."

विहीणबाईंनी आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग नवरीच्या आईला म्हणाल्या, "तुमी का उभ्या? बसा की." बस्ता झाला. त्या सीझनचा सगळ्यात मोठा. शेवटी विहीणबाईंनी स्वतःसाठीही तसलाच एक शालू बांधून घेतला.

नंबर पडला दळवीकाकांचा, कारण गादी त्यांची. आणि त्या दिवशी सगळ्यांचं बक्षीस गेलं, ते सुजातामुळे, कारण दार तिने उघडलं.

महिनाअखेर वरच्या ऑफिसात बैठक. नानाशेठ, चिन्मय, मॅडम, मी. सुजाताताईलाही बोलावलं होतं, माळ्यावर कधीपासून जायचं ते सांगायला. ती दारापाशी उभी, हाताची घडी. मॅडमचा तक्ता भिंतीवर. बिलं वर, रेष वर, सगळंच वर. 'योजनेचा सकारात्मक परिणाम'. मॅडम म्हणाल्या, "निरीक्षणं तू सांग. थोडक्यात."

आता मी काय करायला हवं होतं? दोन वाक्यं बोलून बसायला हवं होतं. पण नानाशेठ समोर, तक्ता खोटं बोलत होता, आणि माझा घसा गप्प बसेना. मी उभा राहिलो आणि दळवीकाका झालो. मान वेळावून, "नवरी आणि तिची आई, दोघी आत येवा!" मग सरबताचा ग्लास खाली ठेवून विहीणबाई झालो. मग ॲग्नेलो अंकल झालो. मग चिन्मय झालो, "व्हॉल्यूम बघा, व्हॉल्यूम!" मग तोंडाला लागलंच होतं, म्हणून मॅडम पण झालो, डोक्यावरचा चष्मा शोधत, 'सकारात्मक, सकारात्मक' करत. नानाशेठ हसून हसून खोकायला लागले. चिन्मयला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही, तो पण हसला.

शेवटी मी सुजाताताई झालो. सगळ्यांना जिंकायचं होतं ना, म्हणून गळा दाटून आणला. "माझी आई इथे झाडू मारायची हो... मला माळ्यावर नका पाठवू..." नसलेला पदर डोळ्याला लावला. नानाशेठ उठले, दारापाशी गेले आणि म्हणाले, "रडू नको पोरी. तू गादीवरच बसायचं."

काम फत्ते, मला वाटलं. तेवढ्यात चिन्मय टेबलावर हात मारून म्हणाला, "म्हणजे विक्री नेसवण्याने होते! मग आपण नेसवणंच मोजत नव्हतो!"

त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघून मला माझे समास बघून मार्क देणारे मास्तर आठवले.

जिन्यात मॅडमनी मला गाठलं. "संशोधक तटस्थ असतो. तू तर सगळ्यांच्या अंगात शिरतोस. आणि मी असा चष्मा शोधते?"

"नाही मॅडम."

"कुठे गेला तो?"

"डोक्यावर आहे मॅडम."

चष्मा नाकावर ओढून त्या खाली उतरल्या. पेपरमध्ये मात्र माझ्या सगळ्या नाटकाचं एका ओळीचं 'गुणात्मक निरीक्षण' झालं. तेवढंच.

काही आठवड्यांनी परत माहिती घ्यायला मॅडमनी मला दुकानात धाडलं. भर दुपार, गिऱ्हाईक नाही. सुजाताताई गादीवर, ऐटीत. शेजारी दाराच्या बेलसारखं एक बटण. टीव्हीवर नवा रकाना: 'नेसवणी'. मला वाटलं, आता ही चहा मागवणार.

"आलास? चपला काढ. वर ये."

गेलो.

"उभा राहा. हात वर."

काही कळायच्या आत तिने माझ्या पँटीत साडीचं टोक खोचलं.

"ताई, हे काय..."

"हलू नको, निऱ्या बिघडतात. रोजचा कोटा आहे मला आता. जितकं नेसवेन तितकं बटण दाबायचं. सकाळपासून कोण नाही, म्हणून काचेतल्या पुतळ्याला नेसवतेय. तो पण कंटाळला. तू आहेस." एक गिरकी. "दळवीकाकांचा आवाज बरोबर काढलास. विहीणबाई बरोबर. त्या चिन्मयला तर सोलूनच ठेवलास. मग मीच रडकी कशी झाले रे? कधी बघितलं तू मला रडताना?"

"नाही, पण नाना विरघळले ना..."

"हात वर! मी दारात उभी होते ना? काय बोलायचं ते ठरवून आले होते. जयंतीला चाळीत भाषणाला उभी राहिले तर मला माइक लागत नाही. मी सांगणार होते, गादी माझ्या हक्काची आहे, का ते एकेक सांगणार होते. तू मध्येच माझ्या तोंडाने गळे काढलेस. आणि नाना मला म्हणतात, रडू नको पोरी. मी रडत होते? मला गादी भीक म्हणून मिळाली, तुझ्यामुळे."

माझ्याकडे इतके आवाज आहेत. मी फक्त हात अजून वर केले.

"आणि हे बटण. आधी कोणाला नेसवायचं ते मी ठरवायचे. घ्यायची ऐपत नाही, नुसती हौस आहे, अशी बाई आली तर तिला पण नेसवायचे, पाच मिनिटं आरशात बघू द्यायचे. कोणाला माहीत नव्हतं तोवर ते माझं होतं. तू दाखवलंस, यांनी मोजलं. आता आरशात बघत कोणी थांबलं की मीच म्हणते, चला ताई, सोडा. फार हुशार आहेस ना? पोट आत घे."

पदर माझ्या खांद्यावर आला. पलीकडच्या गादीवरून दळवीकाका म्हणाले, "शोभतंय रे!" ॲग्नेलो अंकलनी कॉम्प्युटरवरून मान वर काढली. "सुजाता, ही विक्री कोणाच्या नंबरवर टाकू?"

"याला कोण घेतंय, अंकल?"

मग ती एक पाऊल मागे सरकली. मी वाट बघितली. 'हं' काही आलं नाही. तिने बटण दाबलं, टीव्हीवर तिचा आकडा एकाने सरकला, आणि ती माझ्या निऱ्या ओढून मोकळ्या करत म्हणाली, "सोडली. आता नऊवारी. पाय फाक, आणि तोंड बंद."